आधी व्हॉल्व्ह, मग मोटर: ठिबकच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. ठिबकचे कॉक हाताने फिरवायला माणूस मिळत नाही, म्हणून सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने उघड-बंद होणारा) आणि त्यांना वेळेवर वीज देणारा कंट्रोलर आणला, पण तो मोटरच्या स्टार्टरला जोडायचा कसा? दुकानदार व्हॉल्व्ह विकतो, वायरमन मोटर जोडतो, आणि या दोघांच्या मधलं काम कोणाचंच नसतं. चुका नेमक्या तिथेच होतात.

प्रश्न: पाच एचपीची थ्री फेज सबमर्सिबल मोटर आहे, साधा डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) स्टार्टर आहे. चार एकर उसाचे चार भाग करून प्रत्येकाला दोन इंची, २४ व्होल्टचा व्हॉल्व्ह बसवलाय. कंट्रोलरवर 'पंप' असं लिहिलेलं एक टर्मिनल आहे. तिथून वायर काढून थेट स्टार्टरला जोडली तर चालेल का? (चिकोडी तालुका)

उत्तर: अजिबात नाही. त्या टर्मिनलवर २४ व्होल्ट एसी येतात आणि ते जेमतेम एका व्हॉल्व्हपुरता करंट देतं, म्हणजे पाव ते अर्धा अँपिअर. तुमच्या स्टार्टरची कॉइल दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर चालते. दोन्ही एकत्र आले तर कंट्रोलर त्याच क्षणी जळेल. शिवाय शेतभर पसरलेल्या बारीक वायरमध्ये ४१५ व्होल्ट शिरतील, आणि त्या वायरला बायकामुलांचे ओले हात लागतात.

मधे दोन पायऱ्या लागतात. पहिली पायरी म्हणजे २४ व्होल्ट एसी कॉइलची, बेसवर बसणारी साधी रिले. ती जेमतेम एक-दीड व्हीए घेते, त्यामुळे कंट्रोलरला झेपते. दुसरी पायरी म्हणजे २३० व्होल्ट कॉइलचा छोटा काँटॅक्टर, म्हणजे रिलेसारखाच पण दणकट विजेचा स्विच. रिलेने काँटॅक्टर चालवायचा आणि काँटॅक्टरच्या एनओ संपर्काने (एरवी उघडा, कॉइलला वीज मिळाली की जुळणारा) स्टार्टरची कॉइल. 'रिलेनेच स्टार्टर ओढू, मधे काँटॅक्टर कशाला' असं वायरमन म्हणेल. पण बाजारातल्या बहुतेक रिलेंचे संपर्क २५० व्होल्टपर्यंतचेच असतात. ४१५ वर ते ठिणगी खाऊन चिकटतात, आणि चिकटलेला संपर्क म्हणजे बंद न होणारी मोटर. स्टार्टरची मूळ कॉइल मात्र बदलू नका. शेतीच्या स्टार्टरची कॉइल कमी व्होल्टेजवरही धरून राहील अशी बनवलेली असते. दुकानातली साधी कॉइल घातली की संध्याकाळी तडतड सुरू.

आता २३० व्होल्ट आणायचे कुठून? एक फेज आणि न्यूट्रल, हे उत्तर घरात ठीक आहे. पंपाच्या खोपीत न्यूट्रल बहुतेक वेळा नसतंच, आणि मग अर्थिंगच्या सळईलाच न्यूट्रल म्हणून जोडलं जातं. हे कधीही करू नका. अर्थिंग सुकलं किंवा तार गंजून तुटली की तीच फेज मोटरच्या बॉडीवर, लोखंडी पाइपवर आणि स्टार्टरच्या पेटीवर येते. त्यापेक्षा १५० व्हीएचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या, ४१५ घेऊन २३० देणारा. दोन फेजमधून, दोन्हीकडे दोन अँपिअरचा फ्यूज घालून त्याला पुरवठा द्या. काँटॅक्टर आणि कंट्रोलरचा २४ व्होल्टचा अडॅप्टर दोन्ही त्याच्यावर चालतात. ट्रान्सफॉर्मरला ३८० आणि ४१५ असे दोन टॅप असतील तर मोटर चालू असताना मल्टिमीटरने फेज-फेज व्होल्टेज मोजा आणि जवळचा टॅप वापरा.

स्टार्टरमधली जोडणी अशी. एका फेजमधून फ्यूज, तिथून ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर तोडणारी) ९५-९६ हा संपर्क, तिथून लाल बटण. लाल बटणानंतर तीन जागांचा सिलेक्टर स्विच लावा: मॅन्युअल, बंद, ऑटो. मॅन्युअल बाजूला जुनं हिरवं बटण आणि त्याला समांतर असलेला, मोटर धरून ठेवणारा संपर्क. ऑटो बाजूला नव्या छोट्या काँटॅक्टरचा एनओ संपर्क. दोन्ही बाजू पुन्हा एकत्र येऊन कॉइलच्या ए१ ला जातात आणि ए२ दुसऱ्या फेजला. धरून ठेवणारा संपर्क सिलेक्टरच्या मॅन्युअल बाजूच्या पुढेच हवा. तो सिलेक्टरला वळसा घालून जोडला गेला, तर एकदा सुरू झालेली मोटर कंट्रोलरने सांगूनही बंद होणार नाही.

ओव्हरलोडचा ९५-९६ दोन्ही मार्गांत राहिला पाहिजे. बरेच जण ऑटोची वायर थेट ए१ ला टेकवतात, आणि मग मोटर जळेपर्यंत ओव्हरलोड नुसता बघत बसतो. ओव्हरलोडवर 'एच' आणि 'ए' अशा खुणांचं रिसेट असेल तर ते 'एच' वर, म्हणजे हाताने रिसेट करायच्या जागी ठेवा. 'ए' वर ठेवलं तर ट्रिप झालेली मोटर थंड झाली की आपोआप सुरू होईल, पुन्हा ट्रिप होईल, पुन्हा सुरू होईल. कारण ऑटोमध्ये आदेश सतत चालूच असतो. त्याच कारणाने ऑटोवर लाल बटण दाबून सोडलं की मोटर पुन्हा चालू होते. दुरुस्ती करायची असेल तर सिलेक्टर 'बंद' वर न्या, मेन स्विच खाली ओढा, आणि टेस्टरने तिन्ही फेज बघूनच पेटीत हात घाला.

यानंतरचा मुद्दा क्रमाचा. व्हॉल्व्ह आधी उघडला पाहिजे, मोटर नंतर. बंद होताना उलट. म्हणून छोट्या काँटॅक्टरच्या आधी ऑन-डिले टाइमर (ठरलेला वेळ थांबून चालू करणारा) घाला आणि तो १५ सेकंदांवर लावा. पंप ६० मीटर हेडचा असेल तर तोंड बंद असताना तो ७५ ते ८० मीटरपर्यंत दाब उभा करतो. विहिरीतलं पाणी २० मीटर खाली धरलं तरी जमिनीवर साडेपाच-सहा किलो दाब उरतो. सब-मेनला, म्हणजे प्रत्येक भागाकडे जाणाऱ्या पाइपला, आपण बहुतेक चार किलोचा पीव्हीसी टाकलेला असतो. तो कुठेतरी सांध्यात सुटणारच, आणि सुटला नाही तर पाणी न हलल्यामुळे सबमर्सिबल मोटर तापेल, कारण तिला थंड करतं ते तिच्या अंगावरून वाहणारं पाणीच.

एका भागाकडून दुसऱ्याकडे जाताना कंट्रोलरमध्ये 'दोन भागांतला वेळ' अशी सेटिंग असते. ती शून्य ठेवा. डायफ्रॅमचा (रबरी पडद्याचा) व्हॉल्व्ह बंद व्हायला काही सेकंद घेतो, तेवढ्यात पुढचा उघडलेला असतो आणि पाण्याला वाट राहते. इथे ऑफ-डिले टाइमर (उशिरा बंद करणारा) घालून मोटर 'जरा वेळ चालू ठेवण्याची' युक्ती काही जण करतात. शेवटचा व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही ती मोटर चालूच राहते, म्हणजे जी आपत्ती टाळायची तीच ओढवून घेतली.

आणि एकदा हिशेब करून बघा. पाच फुटी सरी, म्हणजे लॅटरलमध्ये (ड्रिपरच्या नळ्यांमध्ये) दीड मीटर अंतर, ४० सेंटीमीटरवर ड्रिपर: एकरात सुमारे २,६७० मीटर लॅटरल आणि ६,६७० ड्रिपर. ड्रिपर ताशी दोन लिटरचे असतील तर ताशी १३ हजार लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे सेकंदाला ३.७ लिटर. चार लिटरचे असतील तर याच्या दुप्पट. तुमचा पंप सेकंदाला चार लिटर देत असेल तर दोन लिटरच्या ड्रिपरचा एक एकर त्याला बरोबर जुळतो. अर्ध्या एकराचा एखादा तुकडा वेगळ्या व्हॉल्व्हवर असेल तर तो एकटा चालवू नका. त्याला जोडीदार द्या, नाहीतर दाब वाढेल. काहीही झालं तरी सँड फिल्टरच्या आधी पाइपच्या क्षमतेपेक्षा कमी दाबावर उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. आणि जास्त दाबाला संपर्क तोडणारा प्रेशर स्विच ९५-९६ च्या ओळीतच घाला, म्हणजे मोटर हातानेही त्या दाबावर चालणार नाही.

प्रश्न: पंपाच्या खोपीजवळचे व्हॉल्व्ह नीट चालतात. ३०० मीटरवरचा व्हॉल्व्ह नुसता गुणगुणतो, उघडत नाही. व्हॉल्व्ह बदलून बघितला, तसंच. (अथणी)

उत्तर: व्हॉल्व्ह निर्दोष आहे, वायर बारीक आहे. २४ व्होल्ट एसीची कॉइल उघडायच्या क्षणी ०.४ अँपिअरच्या आसपास घेते आणि उघडल्यावर ०.२५ च्या आसपास. वायर जाऊन-येऊन मोजायची, म्हणजे ३०० मीटरवरच्या व्हॉल्व्हला ६०० मीटर तांबं. अर्ध्या एमएमची (म्हणजे चौरस मिलीमीटरची) वायर असेल तर ६०० मीटरला साडेतेवीस ओहम होतात आणि नऊ व्होल्टच्या वर त्यातच खर्ची पडतात. एक एमएमला पावणेपाच व्होल्ट, दीड एमएमला सव्वातीन, अडीचला दोनपेक्षा कमी. व्हॉल्व्हला तोंडाशी २० व्होल्ट तरी मिळाले पाहिजेत. तुम्हाला दीड एमएम लागेल. त्याच कॉमन वायरवर दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडणार असाल तर कॉमन तेवढी अडीचची घ्या, कारण दोघांचा करंट परत येतो तो तिच्यातूनच.

वायर बदलायच्या आधी खात्री करून घ्या. व्हॉल्व्हच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा आणि कंट्रोलरवरून तो भाग चालू करा. व्हॉल्व्ह जोडलेला असतानाच मोजा. सोडवून मोजलं तर करंट वाहत नाही आणि पूर्ण २४-२६ दिसतात. वायर चांगली वाटते आणि घोटाळा राहतो. सांधे टेपने केले असतील तर आधी तेच उघडा. काळ्या मातीत टेपच्या सांध्यात एका पावसात हिरवा गंज धरतो. जेल भरलेले कनेक्टर महाग वाटतात, पण एका सांध्यासाठी अर्धा दिवस खणण्यापेक्षा स्वस्त पडतात.

प्रश्न: कंट्रोलर बिघडला म्हणून २४ व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर व्हॉल्व्ह लावून बघितले. आधी छान चालले, तासाभरात कॉइल जळाली. (रायबाग)

उत्तर: एसीच्या कॉइलला डीसीवर चालवलं, एवढंच कारण. मल्टिमीटरवर अशी कॉइल साधारण ३० ओहम दाखवते. एसीवर तिचा चुंबकीय विरोध करंट पाव अँपिअरवर रोखतो. डीसीवर तो विरोध नसतो, मग २४ भागिले ३०, म्हणजे ०.८ अँपिअर. उष्णता दोन वॅटवरून एकोणीस वॅटवर जाते. व्हॉल्व्ह उघडतो मात्र झोकात, म्हणूनच फसायला होतं.

९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे लॅचिंग व्हॉल्व्ह हा वेगळा प्रकार. त्यांना उघडायला एक क्षणिक झटका आणि बंद करायला उलट दिशेचा झटका लागतो. त्यांची लाल-काळी वायर अदलाबदल झाली तर उघडायच्या वेळी बंद होतात. त्यांच्यावर सतत पुरवठा सोडला तर त्याही कॉइल जळतात.

प्रश्न: मोटर नाही. डोंगराकडून झऱ्याचं पाणी तीन मीटर उंच स्टँडवरच्या टाकीत पडतं आणि तिथून परसातल्या भाजीला जातं. दोन इंची सोलेनॉइड बसवला, कॉइल टकटक करते पण पाणी येत नाही. (खानापूर)

उत्तर: तो व्हॉल्व्ह दाबावर चालणारा आहे. कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते. मोठा पडदा उचलतं ते पाण्याच्या दाबातलं अंतर. त्यासाठी साधारण ०.७ किलो दाब लागतो आणि तीन मीटरची टाकी देते ०.३ किलो. टाकी सात-आठ मीटरवर चढवणं शक्य नसेल तर शून्य दाबाचा, म्हणजे कॉइलने पडदा थेट उचलणारा व्हॉल्व्ह घ्या, किंवा मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह. दुसरा बरा. त्याला उघडायला दहा-पंधरा सेकंद लागतात, पण पालापाचोळा आणि माती यांचं त्याला फारसं वाटत नाही. वॉशिंग मशीनचा इनलेट व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो म्हणून बसवू नका. तो बहुतेक २३० व्होल्टचा असतो, आणि ओल्या वाफ्यात उघड्या टोकांचे २३० व्होल्ट नकोत.

प्रश्न: दीड एचपीची सिंगल फेज मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायला निळ्या रिलेचं छोटं बोर्ड घेतलं. त्यावर १० अँपिअर लिहिलंय, मोटर तेवढीच घेते. काही दिवसांनी मोबाइलवर 'बंद' दाबलं तरी मोटर चालूच. (निपाणी)

उत्तर: मोटर चालू असताना नऊ-दहा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. रिलेचा संपर्क तिथेच वितळून चिकटतो. बोर्डावरचे १० अँपिअर हीटर-बल्बसारख्या लोडसाठी आहेत. बोर्ड फेकू नका. त्याच्याकडून फक्त काँटॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल चालवा, आणि मोटरचा करंट २५ अँपिअरच्या काँटॅक्टरमधून जाऊ द्या. कपॅसिटरची पेटी आहे तशीच राहील, काँटॅक्टर तिच्या आधी फेजमध्ये येईल. रिले आणि काँटॅक्टर यांच्यात एक-दोन फुटांचं अंतर ठेवा आणि काँटॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारा छोटा भाग) लावा, नाहीतर काँटॅक्टर सुटताना येणाऱ्या झटक्याने बोर्ड मधूनच रीस्टार्ट होतं.

प्रश्न: थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. कंट्रोलरला सकाळी सहाची वेळ लावली आहे. त्या वेळी फक्त सिंगल फेज असेल तर तो व्हॉल्व्ह उघडतो, मोटर चालत नाही आणि पाळी वाया जाते. (हुक्केरी)

उत्तर: घड्याळावर चालणारा कंट्रोलर हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) वेळापत्रकाशी जुळत नाही. शहरातल्या बागेसाठी केलेली वस्तू आहे ती. दोन मार्ग आहेत.

पहिला: कंट्रोलरऐवजी वीज आल्यावर शून्यापासून मोजणारी टाइमरची साखळी लावा. फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज नसेल तर मोटर रोखणारं उपकरण) तिन्ही फेज नीट आहेत असं म्हणाला की त्याच्या संपर्कातून साखळीला पुरवठा जातो. पहिला भाग ९० मिनिटं, मग दुसरा, तिसरा, चौथा. सहा तासांत चारही. मधेच फेज गेली तर साखळी पहिल्यापासून सुरू होते, म्हणून पहिल्याच भागाला रोज पाणी आणि चौथा कोरडा, असं होऊ शकतं. वीज गेल्यावर कुठे थांबलो ते लक्षात ठेवणारा टाइमर किंवा छोटा पीएलसी (क्रम भरून ठेवता येणारा कंट्रोलर) घेतला तर ही अडचण राहत नाही. आमचं मत त्यालाच.

दुसरा, कमी खर्चाचा: असलेल्या कंट्रोलरवर घड्याळाची वेळ काढून टाका आणि वीज आली की त्याचं 'मॅन्युअल प्रोग्रॅम' बटण दाबा. खोपीत एक खेप घालावी लागते, पण पुढचे सहा तास मोकळे.

कुठलाही मार्ग घ्या, वीज आल्यावर मोटर लगेच सुरू करू नका. एका टीसीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी ऑटोवर असतील तर लाईट आल्या आल्या सगळ्या एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं, कोणाची तरी मोटर गुरगुरत अडकते आणि टीसीचा फ्यूज जातो. शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने दोन, चार, सहा मिनिटं असा वेगवेगळा विलंब ठेवा.

प्रश्न: व्हॉल्व्हची वीज बंद केली तरी पाणी थेंब थेंब येतच राहतं. नदीचं पाणी उचलतो. (दूधगंगेकाठचं गाव)

उत्तर: बहुधा बारीक वाळू. कॉइल फिरवून काढा. खालचा प्लंजर आणि त्याच्या टोकाचं रबर धुवा, प्लंजरखालचं भोक टाचणी न घालता तोंडाने फुंकून मोकळं करा. टाचणीने भोक मोठं झालं की व्हॉल्व्ह कायमचा गळतो. तरी थांबलं नाही तर सहा-आठ स्क्रू काढून झाकण उघडा आणि पडदा उजेडात धरून चीर बघा. झाकण बसवताना स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा. हाताने उघडायचा छोटा स्क्रू अर्धवट सैल राहिला असेल तरी असंच गळतं, तो आधी बघा. आणि बाण उलट्या दिशेने बसलेला व्हॉल्व्ह बंदच होत नाही, हेही तपासा. मूळ दुखणं मात्र फिल्टरचं. सँड फिल्टरनंतर १२० मेशचा जाळी फिल्टर हवा, आणि दोन्ही बाजूंच्या मीटरमधला फरक अर्धा किलो झाला की बॅकवॉश.

प्रश्न: ऊस तोडणीनंतर पाचट पेटवलं, व्हॉल्व्हचे डबे आणि वायर जळाल्या. पुढच्या वेळी काय करावं? (चिकोडी तालुका)

उत्तर: पाचट न जाळता सरीत आच्छादन करणं सगळ्यात चांगलं, पण ते जमत नसेल तर निदान डब्यांभोवती दहा फूट जागा झाडून मोकळी करा आणि डब्यावर ओल्या मातीचा थर द्या. व्हॉल्व्ह सरीच्या तोंडाशी न ठेवता बांधाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला आणा. पाइप थोडा जास्त लागेल. वायर एचडीपीई पाइपमधून दीड फूट खोल घाला. नांगराचा फाळ त्यापेक्षा खोल जात असेल तर बांधाच्या कडेनेच न्या. आणि खड्डा बुजवायच्या आधी वायर कुठून कुठे गेली त्याचा कागदावर नकाशा काढून खोपीत स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. रोटाव्हेटर चालवणारा पुढच्या वर्षी दुसराच असतो.